दहा टक्क्यांचा हात

टक्केकाका माणसाच्या तोंडाकडे नंतर पाहत, आधी हातांकडे. कोणी नमस्कार केला की जोडलेल्या हातांची बोटं मोजायचे आणि “दहा आहेत, बसा,” असं म्हणून मगच नाव विचारायचे. मला बघायला आलेल्या मुलाला मी मुद्दाम त्यांच्याकडे नेलं. काकांनी त्याचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले आणि मला म्हणाले, “हात शंभर टक्के आहेत. बाकीचं आपण बघा.” त्या हातांशी माझं लग्न झालं.

मंडईमागे एका चहाच्या दुकानावर छोट्या कारखान्यांतल्या कामगारांच्या संघटनेची खोली होती. मी तिथे टायपिस्ट होते. काका चिटणीस, खजिनदार आणि झाडूवाले. कामावर इजा झाली की कमावण्याची ताकद किती गेली याचं कोष्टक कायद्यात असतं. ते त्यांना पाढ्यांसारखं पाठ होतं. अंगठा तीस, तर्जनी चौदा, मधलं बोट बारा. मंडईत फणस कापणाऱ्या बाईजवळ थांबून ते गंभीरपणे सांगायचे, “अहो, सांभाळून. चौदा टक्के जातील.” ती बाई पहिल्यांदा घाबरली, नंतर “घ्यायचा असंल तर घ्या, न्हाईतर पुढं व्हा,” म्हणायला लागली.

त्यांच्या स्वतःच्या डाव्या हाताला अनामिका नव्हती. तरुणपणी पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनमध्ये गेली. मालकानं आठवडाभर रजा आणि पेढ्यांचा पुडा दिला, ‘माझी काही तक्रार नाही’ अशा कागदावर सही घेतली. “अनामिकेला सात टक्के,” काका सांगायचे. “नावच नाही तिला, तर किंमत कुठून येणार? पण मी ती पेढ्यांत घालवली. न वाचता सही करणारा मूर्ख हा शंभर टक्के अपंग समजावा, असं एक कलम हवं होतं.” कायद्याचं पुस्तक त्यांनी त्यानंतर हाती घेतलं.

वाघोली तेव्हा खेडं होतं. तिथला नामदेव पत्र्याचे डबे करणाऱ्या, नगर रस्त्यावरच्या एका लहानशा कारखान्यात प्रेसवर होता. मशीनखाली त्याचा उजवा हात सापडला. बोटं तुटली नाहीत, पण वाकेनाशी झाली. मालकाच्या डॉक्टरनं दहा टक्के लिहून दिले.

“बोटं हायती की पाच,” नामदेव आम्हाला म्हणाला, “पन ऐकत न्हाईत.”

“कोष्टकात तुटलेल्या बोटांचा हिशेब आहे, न ऐकणाऱ्यांचा नाही,” काका म्हणाले. “अशा वेळी डॉक्टरनं ठरवायचं असतं. पण हाताचं किती गेलं ते नव्हे, कमावण्याचं किती गेलं ते. प्रेसवर उभा राहशील का?”

“न्हाई.”

“मग दहावर सही करू नकोस.”

नामदेवनं मान हलवली आणि घरी जाऊन विचार बदलला. बायकोला सातवा महिना होता, कारखान्याचे मॅनेजर रोज दारात येत होते. तडजोडीचा कागद नोंदवायला तो त्यांच्याबरोबर परस्पर कामगार भरपाईच्या कमिशनरसाहेबांपुढे जाणार, हे आम्हाला त्याच्या मेहुण्यानं सकाळी कळवलं. काका मला रिक्षात घालून निघाले. रिक्षावाल्याची बोटंही मोजली नाहीत, यावरूनच त्यांना किती लागलंय ते कळलं.

आम्ही आत शिरलो तेव्हा साहेब नामदेवला विचारत होते, “कागद समजला ना? मग सही करा.” नामदेवनं आम्हाला पाहिलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, काका आता कडाडणार. पण ते नुसते म्हणाले, “कर.”

नामदेवनं पेन उचललं. ते पडलं. पुन्हा उचललं, डाव्या हातानं उजव्याच्या बोटांत खोचलं, पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा ते घरंगळत साहेबांच्या बुटापाशी गेलं. मॅनेजरांनी तत्परतेनं खिशातून शाईचा पॅड काढला. “अंगठा चालेल ना, साहेब?”

“अहो, माझ्याकडे याची पगाराची पावती आहे,” काका म्हणाले. “खाली याची सही आहे, लफ्फेदार. सही करणारा माणूस तुमच्या कारखान्यात अंगठेबहाद्दर झाला, आणि नुकसान दहा टक्के?”

मॅनेजर म्हणाले, “प्रॅक्टिस नसेल.”

“बरोबर. दोन महिने पगारच नाही, सही करणार कशावर?”

साहेब हसले नाहीत, पण त्यांनी पेन स्वतः उचललं, कागद मिटला आणि नामदेवला सरकारी डॉक्टरकडे पाठवलं. तिथून चाळीस टक्के आले, आणि त्याच हिशेबानं तडजोड नोंदली गेली. नामदेव मुलगी झाल्याचे पेढे घेऊन आला. “पेढे? माझ्यापुढे?” काका ओरडले. नामदेव पुडा घेऊन जिन्यापर्यंत पोचला, तेव्हा त्याला परत बोलावून त्यांनी दोन खाल्ले. म्हणाले, “आज कुठेही सही करायची नाहीये.”

म्हातारपणी ते मुलाकडे खराडीला गेले. समोर आणखी एक टॉवर चढत होता. काका फाटकाशी वॉचमनजवळ बसत आणि तिथले मजूर कागद घेऊन येत. मुलगा वैतागला, “बाबा, लोक विचारतात, तुमच्या वडिलांनी एजन्सी काढलीय का?”

“सांग, फ्लॅटमध्ये बोलायला माणूस मिळत नाही म्हणून बसतात.”

ते झोपेतच गेले. दहाव्या दिवशी मी घरच्यांना भेटायला गेले तर फाटकाशी एक बाई उभी होती, मनगट प्लास्टरमध्ये. समोरच्या टॉवरच्या परांचीवरून पडली होती. “बाबा वाचून देतो म्हनले व्हते,” ती म्हणाली. वॉचमननं तिला काय झालं ते सांगितलं. तिनं वर, खिडक्यांकडे पाहिलं. मग कागदाची घडी घालायला लागली. “ठेकेदार संध्याकाळी सही मागतोय. करून टाकते मग.”

मी निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. वर सगळे माझी वाट पाहत होते.

“द्या इकडे,” मी म्हणाले, आणि तिच्या शेजारी पायरीवर बसून पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लागले.