वऱ्हाड नव्हे, मॅच

मागच्या पौषात माझी पत्नी गेली. त्यानंतर मी आमचं गाव कळसाडी सोडून कुठे गेलो नाही.

आमच्या गल्लीतला जीपवाला मात्र हवेत होता. त्याची मुलगी, माझी विद्यार्थिनी, राज्याच्या रग्बी संघात निवडली गेली होती आणि सामना पुण्याच्या मोठ्या स्टेडियमवर होता. प्रवासाचा बेत आखायची त्याला एकच रीत ठाऊक होती, लग्नाची. त्याने घरोघरी आमंत्रणाची सुपारी दिली, जीपला तोरण बांधलं, ढोलवाला ठरवला. प्रत्येक वाक्य तो दोनदा बोले. "लवकर निघू, तठे गर्दी व्हई, तठे गर्दी व्हई!"

निघायच्या सकाळी तो फेटा बांधून माझ्या दारात आला. मी म्हणालो, "अजून वर्ष सरलं नाही. वऱ्हाडात कसा येऊ?"

त्याने फेटा उतरवला, तोरण ओढून तोडलं आणि ओरडला, "ढोल खाले ठेव रे! कोन म्हनस वऱ्हाड? मॅच शे, मॅच शे!" माझ्याकडे वळून म्हणाला, "गुरुजी, पुढे बठा. तुम्ही नई उनात ते मन्ही पोर कोनले देखी?" मी नाही आलो तर पोर कोणाकडे बघेल, एवढ्या बोलण्यावर मी जीपमध्ये पुढे बसलो.

पुण्याहून परत येऊन आठवडा झाला. मॅचमध्ये ओरडून माझा घसा बसला, तो अजून सुटलेला नाही.