पावणेदोनशेची मेथी
जुन्नरच्या बाजारातून आणलेली मेथी निवडायला घेतली की मला धरणाकाठची ती शाळा आठवते, जिथे मी तिसरीला शिकवत होते. एकदा वर्गातल्या एका मुलीला दोनशेची नोट देऊन समोरच्या दुकानातून रंगीत कागद आणायला पाठवलं, तर ती पंधरा रुपये घेऊन परतली. "बाई, पावणेदोनशे झालं. काका म्हणले, म्हंजी एकशे पंच्याऐंशी." मी तिला घेऊन दुकानात गेले, तर दुकानदार गिऱ्हाईकांसमोर हसला. "दहाच्या गोळ्या खाल्ल्या आसतील पोरीनं. आधी तिला पैसं मोजायला शिकवा, बाई." पोर रडत घरी गेली. मग शिकवलंच मी. महिनाभर कागदी नोटा कापून सगळ्या वर्गाकडून सव्वाशे, दीडशे, पावणेदोनशे घोटून घेतलं. शाळेच्या बालबाजारात पहिली भवानी करायला मुद्दाम त्या दुकानदारालाच पाहुणा म्हणून बोलावलं आणि तिची मेथीची पाटी दारातच मांडली. त्याने सरपंचांसमोर ऐटीत दोनशेची नोट काढली, "आख्खी पाटी दे." "पावणेदोनशे झालं," म्हणत तिने त्याच्या हातावर पंधरा रुपये ठेवले. "अगं, पंचवीस येत्यात! पावणेदोनशे म्हंजी एकशे पंच्याहत्तर!" तो सगळ्यांदेखत ओरडला. "मग त्या दिवशी तुमच्या दुकानात एकशे पंच्याऐंशी कसं व्हतं, काका?" उरलेले दहा मागायची त्याची हिंमत झाली नाही. अजूनही त्या दुकानात गेले की तो मला सुट्टे दोनदा मोजून देतो. मी ते गिऱ्हाईकांसमोर तिसऱ्यांदा मोजते.