पंचनाम्याची दवंडी

खून-दरोड्यांचे बरेच तपास मी विसरलो. करडी गावाच्या पुढच्या एका खेड्यातली म्हैस मात्र आजही आठवते. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. मी करडीच्या ठाण्यात फौजदार होतो.

एक बाई अर्ज घेऊन आली. नवरा वारलेला, घर एका म्हशीच्या दुधावर चाललेलं. तिच्या घराशेजारी एका वजनदार माणसाने आपल्या धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, ट्रॅक्टर दुरुस्तीची शेड टाकली होती. अकृषक परवानगी तेवढ्यापुरतीच. पण शेडीला लागून शंकरपटाची पट्टी होती, वर्षातून दोन दिवस बैल धावायचे ती. तिच्यावर त्याने रोज फटफट्यांच्या शर्यती सुरू केल्या. त्याही सायलेन्सर काढून.

"साहेब, सांजच्याले दूध काढाच्या टायमाले आवाज सुरू होते अन् म्हस पान्हा चोरते," बाई म्हणाली. "असीच आटली तं मी खाऊ काय?"

शेडीची परवानगी तहसीलची, म्हणून अर्ज तिकडे पाठवला; तहसील कार्यालयाने पंचनाम्यासाठी पोलीस मदत मागितली. आम्ही तीनदा गेलो. तिन्ही वेळा पटावर शुकशुकाट. शेडीत एक ट्रॅक्टर खोलून ठेवलेला आणि मालक हात जोडून उभा. "काहीच नाही साहेब, बाईले भास होते." तिसऱ्या खेपेला हवालदार बाईकडे संशयाने पाहू लागला. खरं सांगायचं तर मीही.

पण एक गोष्ट खटकत होती. आम्ही मालकाला कधीच कळवलं नव्हतं, तरी दर खेपेला चहा उकळून तयार असायचा. खबर कोण देतं? गावच्या कोतवालाला ठाण्यात बोलावून खडसावलं. म्हातारा लगेच सांगू लागला.

"मी कोणाले चोरून नाई सांगतलं साहेब. दवंडी देली. 'उद्या सांजच्याले पटावर सरकारी पंचनामा हाय, दोन पंच पाह्यजे हो.'"

"दवंडी काहून देली?" मी त्याच्याच बोलीत विचारलं.

"तुमचंच पत्र होतं नं. पंच हजर ठेवावे मनून. सरकारी कामाची दवंडी द्याच लागते."

पत्र काढून पाहिलं. सही माझीच.

चौथ्यांदा पत्र पाठवलं नाही. दुसऱ्या गावचे दोन पंच घेतले आणि साध्या कपड्यांत बाईच्या गोठ्यात जाऊन बसलो. तिने म्हशीला थोपटून धार काढायला घेतली. बादलीत थोडं दूध पडलं असेल, तेवढ्यात पटावर फटफट्या कडाडल्या. म्हशीने लाथ झाडली, बादली कलंडली. पंचांनी पटावर जाऊन गाड्यांचे नंबर टिपले. त्या दिवशी मालकाकडे चहा तयार नव्हता.

बंदीचा हुकूम यायला पावसाळा उजाडला. तोवर शर्यती चालूच होत्या. हुकूम सांगायला मी स्वतः गेलो. गोठ्यातला खुंटा रिकामा होता. म्हैस आटली म्हणून बाजारात विकली होती, आणि बाई दुसऱ्यांच्या बांधीत धान रोवायला जाऊ लागली होती.

"बंद झालं बाई आता," मी म्हणालो.

"बरं झालं," ती म्हणाली. "पयलेच असे चुपचाप आले असते, तं म्हस राह्यली असती."

तिच्या आवाजात राग नव्हता. मला मात्र फार वाईट वाटलं. फितूर माणूस मी बाहेर शोधत होतो आणि खबर माझ्याच सहीने जात होती. पुढे नोकरीभर प्रत्येक पत्रावर सही करण्याआधी मी स्वतःला विचारायचो, हे गावात कोणाच्या हाती पडेल आणि तो त्याचं काय करील.

बाईवर संशय घेतला, त्याची माफी मागायला हवी होती. तेवढं मात्र तिथे उभं राहून माझ्याच्याने झालं नाही.