स्नेक प्लांटचा उपास

जांबे गावात सुलतानाचं बांगड्यांचं दुकान आहे, पण लोक तिला घाबरतात ते कुंड्यांवरून. कुणाच्याही घरी गेली की चहाआधी ही मातीत बोट खुपसणार आणि घरच्यांची अब्रू काढणार. स्वतःची ढीगभर झाडं मारून ती हे शिकली होती, आणि त्याची तिला तसूभरही लाज नव्हती.

शेजारच्या रंभाबाई कंपनीवाल्यांना खोल्या भाड्यानं देतात. त्यांची भाडेकरू गौतमी तीन महिने बंगळूरला गेली, तेव्हा आपला स्नेक प्लांट आणि रबर प्लांट त्यांच्या ओसरीवर ठेवून गेली. रंभाबाईंचा जन्म भातखाचरात गेलेला. पाणी तुंबलं नाही तर ते घातलंच नाही, असा त्यांचा हिशेब. पान पिवळं पडलं की त्या आणखी एक तांब्या ओतायच्या. शेवटी स्नेक प्लांट दारू प्यायल्यासारखा आडवा झाला, तेव्हा सुलतानाला हाक गेली.

तिनं झाड कुंडीतून उपटलं. असा वास सुटला की रंभाबाईंनी नाकाला पदर लावला.

"मावशी, ह्यात म्हस धुतली का काय?"

"ऊन लई व्हतं गं. म्हनलं, तहान लागली आसंल."

"तहान? पोहायला शिकवलं की तुमी ह्येला!"

नवऱ्याची, शब्बीरची दाढीची कात्री आणून तिनं सडलेली मुळं छाटली. उरलेलं झाड सावलीत सुकवून वाळू आणि विटांचे तुकडे मिसळलेल्या मातीत लावलं. रबर प्लांट मात्र बुंध्यापर्यंत कुजला होता.

"ह्येचं दहावं घाला," ती म्हणाली. "आन् ह्या दुसऱ्याचा आता उपास. मी सांगंस्तवर थेंब न्हाई."

एकादशीला साबुदाण्याची परात फस्त करणाऱ्या रंभाबाईंना कोरडा उपास म्हणजे छळच वाटला. दुसऱ्याच दिवशी पदराआड तांब्या धरून त्या कुंडीकडे सरकताना सापडल्या.

"तुळशीला चाललीया मी."

"तुळस परसात हाय, मावशी!"

सुलतानानं कुंडी उचलून थेट दुकानात नेली. तिथं बांगड्यांच्या गराड्यात काही आठवड्यांनी नवा कोंब वर आला.

गौतमी परतली, तेव्हा सुलतानानं ऐटीत कुंडी पुढे केली. गौतमीचा चेहरा पडला.

"हा जगला?"

"मग!"

"काकू, ऋषिकेशनं दिलेली होती ही दोन्ही झाडं. लग्न मोडलं आमचं. फेकायला हात होईना, म्हणून मुद्दाम मावशींकडे ठेवली. त्यांचा तांब्या मी रोज बघायचे ना."

"म्हंजी झाडं मारायला ठिवलीस व्हय मला?" रंभाबाई उसळल्या.

गौतमी हसायला लागली आणि हसताहसताच रडू लागली. सुलतानाच्या तोंडात शिवी तयार होती, ती तिनं गिळली.

"झाडानं काय घोडं मारलं तुजं? राग मानसावर काढावा," ती म्हणाली आणि स्टूल पुढे सरकवलं. "बस हितं."

कुंडी दुकानातच राहिली. गौतमी अधूनमधून कामावरून येताना थांबते. बांगडी एक घेत नाही. स्टुलावर बसून ऋषिकेशला मनसोक्त शिव्या घालते, आणि ज्याला जन्मात पाहिलं नाही त्या माणसाबद्दल सुलताना तिच्यापेक्षा कचकचीत भर घालते.