ओल्या धोतराची खिडकी

वैशाखातल्या त्या दुपारी वाशीमच्या इस्पितळातून माझ्या वडिलांना कारंज्याला न्यायचे होते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचे दोन्ही डोळे पट्टीखाली होते. "पट्टीला घाम नको, धूळ नको, मानेला हिसका नको, नाहीतर डोळा जाईल," असे डॉक्टरांनी बजावले होते. म्हणूनच कारंज्याच्या कापूसव्यापारी शेटजींनी कृपापूर्वक आपली मोटार पाठवली. मुंबईहून हौसेने बसवून आणलेले थंड हवेचे यंत्र तिच्यात होते; काचा मिटून जाता येणार होते.

मंगरूळपीर मागे पडले आणि यंत्रातून ऊन हवा येऊ लागली.

"मशीन बसलं जी," ड्रायव्हर म्हणाला. "ग्यारंटी सरली अन् याचं दुखणं सुरू झालं. शेटजीनं दुकानदाराले लिवलं, तं तो म्हने, मुदत संपली, आता तुमचं तुमी पाहा."

"मग निघताना का नाही सांगितलंत?"

"काल चालू होतं जी. मले वाटलं, आज तरी इज्जत राखन."

काच उघडावी तर मुरमाच्या रस्त्याची तांबडी धूळ, मिटावी तर घाम, आणि घाई करावी तर हिसका. बाबांच्या कपाळावरचा घाम मी पंच्याने टिपीत होतो. तरी एक थेंब निसटून पट्टीच्या अगदी काठाशी येऊन थबकला. तो मी पंच्याच्या टोकाने अलगद टिपला.

पुढे महादेवाचे देऊळ लागले. त्याच्या दाराशी सावलीत गाडी उभी केली. आत उन्हाळ्याची गळती लावलेली होती. टांगलेल्या घटातून पिंडीवर थेंबथेंब पाणी पडत होते. बाबांनी तो आवाज ऐकला.

"देवाला थंडावा कसा देतात, ऐकतोस ना? माझं धोतर भिजव आणि खिडकीला लाव."

जवळ होते ते केवळ त्यांच्या पूजेचे, सोवळ्याचे धोतर. मी घुटमळलो.

"डोळा राहिला तरच पूजा दिसेल," ते शांतपणे म्हणाले.

देवळाच्या विहिरीवर धोतर भिजवून, माझ्या बाजूच्या दारात त्याचा काठ अडकवला आणि काच खाली केली. गाडी निघाली, तसा एका हाताने बाबांची मान सावरीत, दुसऱ्या हाताने तांब्यातून त्यावर थेंबथेंब पाणी सोडीत राहिलो. आत गारवा येऊ लागला.

"शेटजीच्या मशीनपरस हे बरं जी," ड्रायव्हर म्हणाला. "याले ग्यारंटीच नाही लागत." कारंजा येईपर्यंत मला मात्र हसू आले नाही.

पट्टी सुटली त्या सकाळी बाबा बराच वेळ अंगणाकडे पाहत बसले.

"दोरीवरच्या धोतराला," ते म्हणाले, "तांबडं काय लागलंय रे?"