चौथ्या घंटेचा दोर

थॉर्नबीच्या चर्चचा मनोरा वॉल्टर थर्टलच्या मालकीचा होता, निदान त्याच्या डोक्यात तरी. पाद्री आले नि गेले, पण सहा दोरांखालची ती गार खोली त्याच्याच शब्दावर चालायची. दर मंगळवारी सराव. सहा माणसं, सहा घंटा. प्रत्येकीनं आपल्या पाळीला बोलायचं, दुसरीच्या अंगावर पडायचं नाही. घंटांना तेल घालणं, वर चढून त्यांची तपासणी करणं हे वॉल्टरचं काम.

चौथा दोर आयव्ही गूचचा. दिवसभर बटाट्याच्या गोदामात पोती उचलायची आणि संध्याकाळी तेच हात दोराला लावायची. बायकांना पुरुषांइतकी मजुरी मिळावी म्हणून तिनं संप करून गोदाम बंद पाडलं होतं. मजुरी मिळाली. बाईनं भांडावं आणि वर जिंकावंही, हे वॉल्टरला फार बोचलं होतं.

"वॉल्टर, चौथी अडखळतेय रे. वर जाऊन बघ की," ती म्हणायची.

"घंटा अडखळत नाही, बाई. हात अडखळतात."

"शिडी चढवत नाही असं सरळ सांग ना, म्हाताऱ्या!"

सगळे हसायचे. वॉल्टर हसायचा नाही, आणि चढायचाही नाही.

उन्हाळ्यात गावागावांची स्पर्धा झाली. परीक्षक बाहेर बंद गाडीत बसून नुसते ऐकतात; दोराला कोण आहे ते त्यांना दिसत नाही. थॉर्नबी शेवटून पहिलं आलं. सभागृहात चहा-केक चालू असताना वॉल्टरच्या हातात परीक्षकांचा शेरा पडला. त्यात एक शब्द होता, 'डिस्कॉर्डंट'. म्हणजे बेमेळ, बाकीच्यांशी न जुळणारं. हा शब्द सुरांना लावतात, मतांना लावतात, धुसफुसणाऱ्या घरालाही लावतात. परीक्षकानं तो चौथ्या घंटेला लावला होता. वॉल्टरनं तो उचलला आणि बाईला लावला.

"ऐका मंडळी!" त्यानं चमच्यानं कप वाजवला. "आपली आयव्ही बेमेळ आहे. गोदामातही तशीच, मनोऱ्यातही तशीच. आता छापील दाखला मिळाला!"

आयव्हीनं बशी खाली ठेवली. "बेमेळ व्हायला दोन लागतात, वॉल्टर. मी कशाशी जुळत नव्हते, ते कधी वर जाऊन बघितलंस?"

ती गेली ती मनोऱ्यात परत आली नाही.

हिवाळ्यात दोराला माणूस कमी पडला, म्हणून चौथा दोर वॉल्टरनं स्वतः धरला. पहिल्या ओढीला घंटा वेळेवर बोलली, दुसऱ्या ओढीला मागे राहिली. त्यानं हात सावरला. पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी गुडघे दाबत दाबत तो वर चढला. घंटेच्या आतला, तिला वाजवणारा लोलक हातानं हलवला तर खिळखिळा. जिथं टांगलेला होता तिथं झिजून भोक मोठं झालं होतं. आणि असल्या घंटेला ती बाई वर्षानुवर्षं नुसत्या मनगटावर सांभाळत आली होती!

तो तिच्या दाराशी गेला. टोपी हातात.

"चूक माझी होती, आयव्ही. मी बघायला हवं होतं."

"बोललास ते साऱ्या गावासमोर," ती म्हणाली. "आता माझ्या पायपुसण्यावर उभा राहून कुजबुजतोस होय? तिथंच बोल. मग येते."

घंटा दुरुस्त झाली. पुढच्या स्पर्धेच्या चहाला वॉल्टर उठला. वाक्य पाठ होतं. कप वाजवला, माना वळल्या, आणि तीच ओळखीची तोंडं बघून त्याची जीभ आखडली.

"मंडळी... चौथ्या घंटेत दोष होता. तो काढलाय."

टाळ्या पडल्या. तो खाली बसला.

सोमवारी पावाच्या दुकानात आयव्ही पुढ्यात आली. "घंटेनं माफी मागितली म्हणे."

त्यानं तोंड उघडलं. मागे रांगेत चार माणसं होती. त्यानं पाव घेतला आणि बाहेर पडला.

मंगळवारी चौथी अगदी चोख बोलत होती. दोराला कोणी नवखी पोर होती. खालच्या गल्लीत आयव्हीनं खिडकी लावून घेतल्याचा आवाज वॉल्टरला एवढ्या घंटांतूनही ऐकू आला, की त्याला नुसतं तसं वाटलं, कोण जाणे.