हरीओमने काढलेले जड ब्रेक

शेलूबाजारचा मेकॅनिक हरीओम माझ्या घरासमोरच काम करायचा, तरी मला तो फारसा कळला नाही. त्याने गावातल्या जानरावच्या जीपला ताकद वाढावी म्हणून मोकळा सायलेन्सर आणि वेग आवरायला मोठे, जड ब्रेक एकदमच बसवले. अकोल्यात जीप मोजणी यंत्राच्या रोलरवर चढवून चाकांची ताकद मोजली, तर ती आधीपेक्षा उलट कमी भरली. जानरावने दुकानात येऊन जुना सायलेन्सर त्याच्या तोंडावर हाणला.

हरीओम रक्त थुंकत म्हणाला, "भाऊ, इंजीन चांगलं हाय. ब्रेकच्या जड चकत्या फिरवण्यात ताकद जाते."

"मंग काढ त्या!"

"गाडी थांबन कशी?"

"थांबवाची नाई, पळवाची हाय!" जानरावने पुन्हा सायलेन्सर उगारला.

हरीओमने जुने ब्रेक बसवले. दोघं पुन्हा अकोल्याला गेले; रोलरवर आकडा वाढला म्हणतात. परतताना जानरावने जीप भरधाव सोडली. ब्रेक कमी पडले, जीप सोयाबीनच्या ट्रॉलीत घुसली आणि दोघेही चेंगरून मेले.

त्या दिवशी अकोल्याला निघताना मी हरीओमला विचारलं होतं, "चहा घेतो का?"

"तोंड सुजलं हाय, काका. आल्यावर घेतो."